वैद्यकीय हयगयीच्या दाव्यासाठी वकील कसा शोधावा आणि कसा नेमावा?

शेवंता (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीची चौदा महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी तिला घरी पाठवण्यात आले. त्यानंतर पोटदुखी आणि ताप सुरू झाला. रुग्णालयात चार दिवसांत तीन वेळा दूरध्वनी केला, आणि तिन्ही वेळा "गॅसचा त्रास आहे, गोळ्या चालू ठेवा" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी डोळे पिवळे दिसू लागल्यावर आम्ही तिला दुसऱ्या रुग्णालयात नेले. तेथे मुख्य पित्तनलिकेला इजा झाल्याचे निदान झाले. पोटात पित्त साठले होते. पुढे मोठी शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग आणि पाच महिने घरी पडून राहणे असे सगळे ओघाने आलेच.

आता ती सावरली आहे आणि दाद मागावी असे तिचेच म्हणणे आहे. आम्ही दोन वकिलांना भेटलो. पहिल्यांनी दहा मिनिटे ऐकून घेतले, "खटला शंभर टक्के आपला आहे, डॉक्टरांवर फौजदारी गुन्हाही नोंदवू" असे सांगितले, आणि थोडी रक्कम आगाऊ व पुढे नुकसानभरपाईतला चौथा हिस्सा अशी फी मागितली. दुसऱ्या वकीलबाईंनी कसलेही आश्वासन दिले नाही. "सगळे कागद आणा, ते वाचल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही," असे म्हणून त्यांनी आम्हाला परत पाठवले. घरातल्यांचा कल पहिल्यांकडे आहे, कारण ते निदान ठामपणे तरी बोलतात. माझे मन मात्र तयार होत नाही. अशा कामासाठी वकील कसा पारखावा आणि त्यांना काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

कडूकारले

शेवंताताई, मी हरलेल्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे काय करू नये एवढेच सांगू शकतो. वडिलांच्या मृत्यूनंतर आम्ही घराण्याच्या ओळखीतले वकील घेतले. जमिनीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण भूलतज्ज्ञाचा तक्ता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला तो आमच्या कागदपत्रांत. त्यांनी आधी पोलिसांत तक्रार द्यायला लावली आणि तिच्या मागे दीड वर्ष गेले. ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली तोवर दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती. विलंब माफ व्हावा म्हणून केलेला अर्ज फेटाळला गेला. निष्काळजीपणा होता की नव्हता, या प्रश्नापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. तुमचे चौदा महिने झाले आहेत हे वाचून राहवले नाही, म्हणून लिहिले.

सनदी

मी गेली सतरा वर्षे वकिली करतो आणि त्यातली बहुतेक वर्षे रुग्णांच्या बाजूने हेच काम करतो. भारतापुरते सविस्तर लिहितो.

आधी पहिल्या वकिलांच्या फीविषयी. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या भरपाईत हिस्साही मागता येत नाही. तुमच्यासमोर पहिल्याच भेटीत जो माणूस स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडायला तयार आहे, तो पुढे तुमच्याशी झालेला करार किती पाळेल, याचा विचार घरातल्यांनी करावा. "शंभर टक्के" हा शब्दही या क्षेत्रात कोणाला शोभत नाही.

वकील शोधण्याच्या वाटेवर आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. २००८पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे आंतरजालावर "सर्वोत्तम वकील" अशा याद्या दिसल्या तर त्यांना फारसे महत्त्व देऊ नये. मी लोकांना एक कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग सांगतो. ग्राहक आयोगांचे आदेश सार्वजनिक असतात आणि प्रत्येक आदेशाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे असतात. आपल्या जिल्ह्याच्या आणि राज्याच्या आयोगाचे वैद्यकीय हयगयीचे वीस-पंचवीस आदेश वाचावेत, तक्रारदाराच्या बाजूने कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात ते टिपावे, आणि कोण जिंकले यापेक्षा वकिलाने वैद्यकीय मुद्दा कसा मांडला होता याकडे लक्ष द्यावे. चांगल्या मांडणीचा हरलेला खटला पुष्कळ शिकवून जातो.

त्या नावांपैकी जे विरुद्ध बाजूनेही दिसतील, त्यांना लगेच बाद करू नये. रुग्णालयाच्या बाजूने काम केलेल्या वकिलाला समोरचा बचाव आधीच ठाऊक असतो. मात्र ते सध्या एखाद्या रुग्णालयाच्या किंवा डॉक्टरांचा व्यावसायिक विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर आहेत का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. डॉक्टरांच्या बाजूने पुष्कळदा विमा कंपनीने नेमलेलाच वकील उभा राहतो आणि हे क्षेत्र लहान असल्यामुळे असा संबंध निघण्याची शक्यता बरीच असते.

मोठ्या शहरातला नामांकित वकीलच हवा, हा समजही सोडून द्यावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कोणत्या आयोगात जायचे, हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. हा मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते, म्हणजे बहुतेक सर्वांचे काम तेथेच सुरू होते. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. दर तारखेला स्वतः हजर राहणारा, तुमच्या जिल्हा आयोगाची रीत जाणणारा वकील या कामी अधिक उपयोगी पडतो. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे ग्राहक आयोगाची वाट बंद आहे. तेथे दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि त्या कामाचा अनुभव असलेला वकील शोधावा लागतो.

मुदत दोन वर्षांची. कडूकारले यांनी लिहिलेला अनुभव दुर्मीळ नाही.

शल्यविशारद

मी शल्यचिकित्सक आहे. माझ्या व्यवसायबंधूंविरुद्धच्या धाग्यावर लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते, परंतु चुकीच्या मुद्द्यावर दावा उभा राहिला तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही वर्षे वाया जातात, म्हणून लिहितो.

दुर्बिणीने पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होणे ही या शस्त्रक्रियेची माहीत असलेली गुंतागुंत आहे. सूज किंवा जुनी चिकटलेली ऊती असेल तर रचना ओळखणे कठीण होते आणि चांगल्या हातूनही ती घडते. इजा झाली एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. १९५७च्या इंग्लंडमधील बोलम खटल्यापासून चालत आलेली कसोटी अशी आहे की, त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला ती कृती योग्य वाटली असती का. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात हीच कसोटी स्वीकारली. या कसोटीवर "नलिका कापली" हा आरोप बऱ्याचदा टिकत नाही.

तुमच्या हकिकतीत मला वेगळी गोष्ट खटकते. या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण साधारणपणे दिवसागणिक सुधारत जातो. वाढती पोटदुखी आणि ताप घेऊन तो तीन वेळा संपर्क साधत असेल तर त्याला बोलावून तपासणे, यकृताच्या रक्तचाचण्या करणे आणि सोनोग्राफी करणे ही अगदी प्राथमिक अपेक्षा आहे. पोटात पित्त साठत राहिले की संसर्ग वाढतो आणि पुढची दुरुस्ती अवघड होते. त्यामुळे इथे खरा प्रश्न शस्त्रक्रियेच्या त्या एका तासाचा नसून नंतरच्या चार दिवसांचा असावा. अर्थात मी कागद पाहिलेले नाहीत, आणि न पाहता यापुढे बोलणे बरोबर नाही.

यातून वकील पारखण्याची एक युक्ती सुचते. वकिलांना संपूर्ण हकिकत सांगावी आणि ते कोणता प्रश्न आधी विचारतात ते ऐकावे. "किती खर्च झाला?" हा प्रश्न आधी आला तर एक अर्थ, आणि "त्या चार दिवसांच्या फोनची नोंद तुमच्याकडे आहे का?" हा आधी आला तर दुसरा.

शेवंता

शल्यविशारद, आपला प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण दुसऱ्या वकीलबाईंनी निघताना नेमके हेच विचारले होते की, फोन कोणत्या क्रमांकावरून केले आणि तो मोबाइल अजून वापरात आहे का. तेव्हा मला तो प्रश्न विचित्र वाटला होता. आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आणि बिले आहेत. बाकीचे कागद रुग्णालय देत नाही.

सनदी

देत नाही म्हणजे लेखी मागितले नसावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास बहात्तर तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणेही बंधनकारक आहे. बहिणीच्या सहीने पत्र द्या, पोच घ्या, आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवा. पत्रात "सर्व कागद" असे मोघम लिहू नका. संपूर्ण केसपेपर, शस्त्रक्रियेची टिपण, भूलतज्ज्ञाचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, संमतिपत्र, सर्व चाचण्यांचे अहवाल आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरण झाले असल्यास त्याची प्रत, असे एकेक नाव घेऊन मागा. वकील नेमण्याआधीच हे पत्र जायला हवे. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला चांगला वकील हो म्हणू शकत नाही, आणि जो कागदांशिवाय हो म्हणतो तो नकोच.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत राहते. येथे नेमके उलट आहे, म्हणून तुलनेसाठी लिहिते. येथे हे वकील निकालावर अवलंबून असलेल्या फीवरच काम करतात. जिंकल्यास भरपाईचा साधारण तिसरा हिस्सा त्यांचा असतो, आणि हरल्यास त्यांना फी मिळत नाही. कॅलिफोर्नियात १९७५पासून या दाव्यांसाठी खास कायदा आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दावा दाखल होण्यापूर्वी तडजोड झाली तर पंचवीस टक्के, दाखल झाल्यावर तेहतीस टक्के, अशी वकिलाच्या हिश्श्याची कमाल मर्यादा आहे. तज्ज्ञ डॉक्टरांचा खर्च वकील स्वतःच्या खिशातून आधी करतो, त्यामुळे तो आलेल्यांपैकी बहुतेकांना नकारच देतो. माझ्या नवऱ्याच्या प्रकरणात चार जणांनी नकार दिला. पहिल्या नकाराचा राग आला, पण चौथ्यांनी कारण समजावून सांगितले: चूक बहुधा झालेली होती, परंतु वेळेवर निदान झाले असते तरी परिणाम तोच झाला असता, आणि चुकीमुळेच नुकसान झाले हे दाखवता आले नाही तर दावा उभा राहत नाही. ते ऐकून आम्ही थांबलो.

तुमच्याकडे वकिलाचा स्वतःचा पैसा अडकलेला नसतो, त्यामुळे त्याला नकार देण्याचे आर्थिक कारणच नाही. मला वाटते, भारतात ही चाळणी रुग्णाला स्वतःच लावावी लागते.

सनदी

सातासमुद्रापार यांनी जे शेवटी लिहिले आहे, ते मी इतक्या नेमकेपणाने कधी मांडले नव्हते. आमच्याकडे फी टप्प्याटप्प्याने मिळते, खटला कमकुवत असला तरी मिळते, आणि तो लांबला तर अधिकच मिळते. कोणत्याही वकिलाला हे मान्य करायला आवडणार नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे. म्हणून मी पक्षकाराला सांगतो की पूर्ण खटल्यासाठी वकीलपत्रावर सही करण्याआधी फक्त मत देण्यासाठी वेगळी फी ठरवा. कागद वाचणे, त्या शाखेच्या डॉक्टरांकडून लेखी मत घेणे, आणि त्यावरून दाखल करावे की नाही हे लिहून देणे, एवढेच ते काम. मत "करू नये" असे आले तर थोडक्यात सुटलात.

डॉक्टर त्याच शाखेचे हवेत. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये म्हटले आहे, आणि चुकीच्या गटाचे रक्त चढवले अशा उघड प्रकरणात ते लागणारही नाही. पित्तनलिकेसारख्या प्रकरणात मात्र मताशिवाय जाणे म्हणजे हात हलवत युद्धाला जाणे.

थेम्सकाठ

इंग्लंडमधली माहिती थोडक्यात देतो. मुदत साधारण तीन वर्षांची आहे आणि ती नुकसानाची जाणीव झाल्यापासून मोजता येते. २०१३पासून अशा दाव्यांना सरकारी कायदेशीर मदत जवळजवळ बंद झाली. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेल्या बाळांचा अपवाद तेवढा राहिला. बाकीचे लोक "जिंकलात तरच फी" या करारावर सॉलिसिटर घेतात आणि त्यात यशाबद्दलची जादा फी भरपाईच्या ठरावीक भागाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. वकील शोधायला येथे सोपे जाते, कारण लॉ सोसायटी ही सॉलिसिटरांची संस्था या विषयातील सॉलिसिटरांना पात्रता पाहून मान्यता देते, आणि १९८२पासून काम करणारी ॲक्शन अगेन्स्ट मेडिकल ॲक्सिडेंट्स ही संस्था रुग्णांना मार्गदर्शन करते.

किवीपक्षी

न्यूझीलंडमध्ये १९७४पासून अपघाती इजेची भरपाई सरकारी योजनेतून मिळते. उपचारातून झालेली इजाही तिच्यात येते, त्यामुळे भरपाईसाठी डॉक्टरांवर दावा लावता येत नाही आणि असा वकील शोधण्याची वेळ सहसा येत नाही. धाग्याच्या विषयाला याचा उपयोग नाही, हे मान्य.

शेवंता

सर्वांचे आभार. नोंदींसाठीचे पत्र दिले आहे आणि पोचही मिळाली आहे. दोन शंका उरल्या आहेत. फौजदारी तक्रार केली की रुग्णालय घाबरून तडजोड करते, असे पहिल्या वकिलांनी पुन्हा फोन करून सांगितले. त्यात तथ्य आहे का? आणि वकीलच निष्काळजी निघाला तर काय करायचे?

सनदी

फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, हयगय फार मोठ्या प्रमाणातली असावी लागते. जेकब मॅथ्यू निर्णयात न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की डॉक्टरांविरुद्धच्या खाजगी फौजदारी तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरांच्या मताचा प्रथमदर्शनी आधार हवा, आणि तपास अधिकाऱ्यानेही स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे. दबावासाठी केलेली तक्रार पुढे निष्फळ ठरली तर तोच मुद्दा तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात वापरला जातो. आणि त्यात तुमचे महिने जातात, ते वेगळेच.

दुसऱ्या शंकेचे उत्तर ऐकून वाचकांना गंमत वाटेल. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे ज्या आयोगात तुम्ही वकिलामार्फत डॉक्टरांविरुद्ध दाद मागाल, तेथे त्या वकिलाविरुद्ध मात्र दाद मागता येणार नाही. गैरवर्तन असेल तर राज्य विधिज्ञ परिषदेकडे तक्रार करता येते आणि नुकसानीसाठी दिवाणी दावा लावता येतो, पण दोन्ही वाटा लांबच्या आहेत. म्हणून सुरुवातीलाच फीचे टप्पे, त्यात काय समाविष्ट आहे, तज्ज्ञाचा खर्च कोणाचा, अपील झाल्यास वेगळी फी का, आणि तारखेला स्वतः येणार की सहायक पाठवणार, हे सारे कागदावर घ्या. मूळ कागदपत्रे स्वतःकडे ठेवा आणि वकिलांना प्रती द्या. वकील बदलायची वेळ आली आणि फी थकली असली, तरी त्यापोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगितलेले आहे. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तुमच्या बहिणीलाही ही वाट खुली आहे, हे लक्षात असू द्या.

कडूकारले

एक भर. खटला किती वर्षे चालेल, हे वकिलांना विचारा आणि उत्तर काय येते ते पाहा. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे. कोणी तोच आकडा सांगितला तर उठून यावे. डॉ. कुणाल साहा यांच्या पत्नीचा मृत्यू १९९८मध्ये झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचा भरपाईचा अंतिम निर्णय आला २०१३ साली. ते तर स्वतः डॉक्टर होते.

शेवंता

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. रुग्णालयाने अकराव्या दिवशी कागद दिले, मात्र चित्रीकरणाविषयी उत्तर दिले नाही. सगळा संच घेऊन आम्ही दुसऱ्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी फक्त मतासाठी ठरावीक फी घेतली आणि कागद एका पोटविकार शल्यतज्ज्ञांना दाखवले. पाच पानांचे मत आले आहे. शस्त्रक्रियेतील इजेबद्दल "दोष देता येणार नाही" असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि ते वाचून बहीण फार नाराज झाली. नंतरच्या चार दिवसांबद्दल मात्र, तपासणीसाठी न बोलावणे हे अपेक्षित दर्जाला धरून नव्हते आणि त्या विलंबामुळे संसर्ग वाढल्याचे दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदींवरून दिसते, असे मत दिले आहे. भरपाईचा आकडा वकीलबाईंनी आमच्या मनातल्यापेक्षा बराच कमी सांगितला. पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यात धरता येणार नाही, कारण ती तशीही करावी लागणारच होती, असे त्यांचे म्हणणे आहे. फौजदारी तक्रारीला त्यांनी नकार दिला.

वकीलपत्रावर काल सही झाली. फीचे चार टप्पे लिहून घेतले आहेत. जुना मोबाइल सापडला असून तीनपैकी दोन फोनची नोंद त्यात आहे. तिसरा फोन बहिणीच्या नवऱ्याने कार्यालयातून केला होता, त्याचा पुरावा कसा मिळवावा, हे कोणी सांगू शकेल का?

सनदी

कार्यालयाच्या दूरध्वनी क्रमांकाचे त्या महिन्याचे तपशीलवार बिल मागवा. सेवा पुरवणाऱ्या कंपन्या जुन्या नोंदी कायम ठेवत नाहीत, म्हणून वकीलबाईंना सांगून याच आठवड्यात पत्र पाठवा. चित्रीकरणाची प्रत नष्ट करू नये, अशी लेखी सूचना रुग्णालयालाही त्याच टपालाने जाऊ द्या.